छोट्या रेकॉर्डमधली बाई

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस. हॉलमध्ये जमिनीवर पेपर पसरून त्यावर मेथीच्या जुड्या सोडलेल्या, मध्ये परात, मी भिंतीला पाठ लावून आणि शालिनी समोर एक गुडघा उभा करून बसलेली. मी पानाबरोबर देठही खुडतो ही तिची लग्नापासूनची तक्रार. "अहो, म्हशीला घालायची नाहीये," ती म्हणाली आणि माझ्या ढिगातले देठ वेचून बाजूला टाकायला लागली. हे चाललेलं असताना स्टुलावरच्या रेकॉर्ड प्लेयरवर आमच्या पोराची रेकॉर्ड लागली होती. बशीएवढी छोटी, काळीकुट्ट. त्यात पोरगा ओरडतो आणि त्याच्याबरोबरचे तिघे त्याच्या ओरडण्यावर पत्रे टाकल्यासारखं वाजवतात अशी माझी समजूत होती. लोक भेटायला यायचे, डोळे पुसायचे आणि विचारायचे, शेवटी दोघं कुठे फिरायला गेला होतात, काय बोलणं झालं. मी काय सांगणार. मेथी आणि ती रेकॉर्ड. दुसरं काही नाही.

माझं हे पुस्तक लहानपणाचं आणि उमेदीच्या दिवसांचं आहे, त्यात हे पन्नाशीनंतरचं प्रकरण कशाला, असं माझी भाची विचारते. तीच माझं अक्षर लावून टाईप करते, म्हणून तिला विचारायचा हक्क आहे. मी तिला सांगितलं, मी उशिरा मोठा झालो, तू टाईप कर.

तेव्हा आम्ही दुबईत कुसैसला राहत होतो. दोन खोल्यांचं घर, खिडकीला लोंबणारा जुना एसी, तो बंद-चालू होताना ट्यूबलाईट डोळा मारायची. सोनापूरचे कामगारांचे कॅम्प जवळ, त्यामुळे पहाटे लेबरच्या बसगाड्या एकामागून एक जायच्या आणि आमच्या मांडणीवरच्या वाट्या वाजायच्या. शालिनीला त्या वाट्यांवरून वेळ कळायची. मग मंदी आली. क्रेन थांबल्या, अर्धवट टॉवर तसेच उभे राहिले, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की सकाळी वाट्या वाजत नाहीत. "आज बसगाड्या गेल्याच नाहीत का हो?" तिने विचारलं. मी म्हणालो, "खलास. त्यांना घरी पाठवलं." त्यानंतर कितीतरी दिवस ती वाट्या उगाच सारख्या करत राहायची. मी एसीच्या पत्र्याच्या डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. जन्मभर पत्रा ठोकून माझा डावा कान मंद झालेला. काम निम्म्यावर आलं, पगारही, पण मला ठेवलं. पोराला ठेवलं नाही.

पोरगा म्हणजे प्रसाद, आमचा एकुलता एक. शाळा सगळी दुबईत, म्हणून आपण मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं अशी घरची पद्धत. एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात टाय लावून जायचा. कंपनीने एका सकाळी मजलाच्या मजला रिकामा केला, त्यात हा पण. दुसऱ्या पोरांनी बापाचे पाय धरले असते, चार ठिकाणी बायोडाटा टाकले असते. याने काय केलं, तर अल कूझला एक रिकामं पडलेलं गोदाम शोधलं आणि आणखी तिघांना घेऊन तिथे गाणं सुरू केलं. ड्रमवर डेनिस नावाचा फिलिपिनो, जाडी गिटार वाजवणारा एक लेबनानी, आणि बारकी गिटार वसईच्या विल्सनकडे. प्रसाद गायचा. गायचा असं आपलं म्हणायचं. त्या प्रकाराला ते मेटल म्हणतात, त्यातलंही सगळ्यात टोकाचं. मी पत्र्याचं काम केलेला माणूस, मला वाटलं मेटल म्हणजे आपल्या धंद्यातलं काही असेल.

एकदा मी ते ऐकायला गोदामात गेलो. नरडं फाटेस्तोवर पोरगा किंचाळत होता, मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या होत्या. थांबला तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "कुणी मेलंय का तुझं? असं लिफ्टमध्ये हात सापडल्यावर ओरडतात." तो आठवडा संपायच्या आत पोरगा बॅग भरून दुबईच्या जुन्या भागात, देराला गेला, एका खोलीत सहा जण राहायचे तिथे एक कॉट घेतली आणि मसाल्याच्या एका ट्रेडिंग ऑफिसात नोकरीलाही लागला. म्हणजे नोकरी करणार होताच, पण माझ्या घरातून नाही. शालिनी दर शुक्रवारी डबा घेऊन बसने देराला जायची. मी विचारायचो नाही, ती सांगायची नाही. फक्त परत आल्यावर रिकामा डबा माझ्यासमोर आपटल्यासारखा ठेवायची.

रेकॉर्ड प्लेयर आमच्याकडे आला त्याची हकिगत अशी. मंदीत गोरे लोक घरं सोडून पळत होते. आमच्या साईटवरचा एक इंग्रज इंजिनियर निघाला तेव्हा त्याच्या बायकोने रस्त्याच्या कडेला सामान मांडलं आणि मला म्हणाली, हवं ते ने. शालिनीने प्लेयर उचलला. त्याच्याबरोबर तीन मोठ्या रेकॉर्ड मिळाल्या, एकीत नुसता पियानो, दोन चर्चच्या. लहानपणी तिच्या गावात खोताच्या घरी असं यंत्र होतं आणि पोरांना अंगणातून ऐकायला मिळायचं, आत नाही. त्यामुळे पियानो तर पियानो, चर्च तर चर्च, पोळ्या लाटताना तिला ते लागायचं. यंत्राच्या बाजूला एक खटका होता, त्याची स्प्रिंग गेलेली. तो आपोआप पुढे सरके, रेकॉर्ड भरभर फिरे आणि मग पाद्री कोंबड्यासारखा गायला लागे. मी मेकॅनिक माणूस. खटका मागे ओढून जिथे पाद्री नीट गातो तिथे धरला आणि दोन जिन्नस मिसळून लावतात त्या डिंकाने कायमचा चिकटवून टाकला. स्वतःवर खूश झालो होतो. रेकॉर्ड छोटी निघाली की तिचा वेगही वेगळा असतो, हे आम्हा दोघांना कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यात घरात आलेलं गाण्याचं पहिलं यंत्र ते.

पोरांची रेकॉर्ड युरोपात कुठेतरी छापून आली. विल्सन ती घेऊन आमच्याकडे आला. विल्सनचा मला राग यायचा नाही, कारण तो आला की आधी स्वयंपाकघरात जाई. "काकी, आज काय?" म्हणून झाकण उघडून बघणारा माणूस. एका हॉटेलात नोकरी करायचा आणि फावल्या वेळात असल्या रेकॉर्डवर चार पानी पत्रक काढायचा, झेरॉक्स करून वाटायचा. कोणती रेकॉर्ड कशी आहे, घ्यावी की न घ्यावी, असं त्यात लिहिलेलं.

"आपल्याच रेकॉर्डवर मी कसा लिहिणार, काका?" तो सुकट-भाकरी खात म्हणाला. "आणि बाकीची पोरं सगळी तेच तेच लिहितात. ब्रूटल, ब्रूटल. खाऊन ढेकर दिल्यासारखं."

"मग नको लिहू," मी म्हणालो.

"मग काकांना सांग," शालिनी आतून म्हणाली. "गोदामात जाऊन दोन मिनिटांत बोलून आले ना? आता बसून ऐकू दे आणि काय बोलायचं ते लिहून देऊ दे."

"मी सातवी शिकलेला माणूस."

"ओरडायला शाळा लागत नाही, मग ऐकायला कशाला लागते?"

विल्सन हसायला लागला. "लिहा काका. मराठीत लिहा, मी इंग्लिश करतो. शपथेवर सांगतो, एक शब्द बदलणार नाही." शालिनी त्या वेळी दारात येऊन ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती ती अजून माझ्या पाठीवर आहे. तिला परीक्षण-बिरीक्षण काही नको होतं. बापाने पोराचं एकदा पूर्ण ऐकावं एवढंच हवं होतं, आणि ते सरळ सांगितलं तर मी ऐकणार नाही हेही तिला माहीत होतं.

तर तो शुक्रवार. डबा द्यायला ती संध्याकाळी जाणार होती, म्हणून सकाळी मेथी. मी आधी कव्हर बघितलं. काळ्यावर पांढरी मुळं पसरलेली, त्यांनाच नाव म्हणायचं. "वाचता येतंय का गं?" मी विचारलं. "बाभळीची फांदी आहे," ती म्हणाली. मी सुई ठेवली.

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते संथ होतं. खरंच सांगतो. गोदामातलं आठवून मी कान मिटून बसलो होतो, पण हे निराळंच. ढोल दमलेल्या माणसासारखा, जड पावलं टाकत जात होता. गिटारी खालून घरघरत होत्या, रात्रपाळीचा जनरेटर घरघरतो तशा. आणि मग त्या घरघरीच्या वर एक आवाज आला. लांबून निघाला, वर चढला, तिथे थरथरत राहिला आणि मोडून खाली आला. शालिनीचे हात थांबले.

"ही बाई कोण?" ती म्हणाली.

"कुठली बाई?"

"गप्प बसा. ऐका."

पुन्हा आला. मंद कान असला तरी मला कळलं. बाईच रडत होती. गाणं नाही, रडणंच, पण हेल काढून, गावाकडे मयताला बायका रडतात तसं. शब्द नव्हते, किंवा असले तरी पुसलेले. मी भिंतीला आणखी चिकटलो. शालिनी मात्र पुढे झुकली, मेथीची काडी तिच्या बोटात तशीच होती.

"माझी आई अशी रडायची," ती म्हणाली. "धाकटा मामा होडीतून परत आला नाही तेव्हा. ओटीवर खांब धरून. अगदी अशी. वर जाऊन तिथेच अडकायची."

"तुझ्या आईला दुबईला कोण घेऊन आलं?"

"चेष्टा करू नका. प्रसादला विचारा ही कोण आहे. यांच्यात बाई आहे हे बोलला नाही कधी." मग काडी परातीत टाकून, "चांगली आहे हो. जेवायला घेऊन ये म्हणावं."

बाजू संपली. सुई आत जाऊन टकटक करायला लागली. मी मेथीचे हात झाडले आणि महिन्याच्या कॅलेंडरचं पान उलटं करून लिहायला बसलो, आणि ती समोर बसून सांगायला लागली. तो कागद माझ्याजवळ आहे. जसाच्या तसा देतो.

"रेकॉर्डचं नाव वाचता येत नाही. पहिली बाजू. सुरुवातीला पत्रा फाटल्यासारखा आवाज येतो, तो खरा आहे, पत्रा असाच फाटतो. ढोल वाजवणारा फार दमलेला वाटतो, त्याला कुणीतरी जेवायला घालावं असं माझी बायको म्हणते. गाणारा आमचाच मुलगा आहे, पण तो कुठे आहे ते सापडत नाही. एक बाई आहे. ती चांगली रडते, खोटं रडत नाही. तिचं नाव कव्हरवर दिलेलं नाही, ते द्यायला पाहिजे होतं. या बाजूला गोंधळ म्हणता येणार नाही. माझी बायको म्हणते की घरात कुणी नसताना ऐकू नये."

मग कुकरची शिट्टी झाली. मी रेकॉर्ड उलटायला हात घातला तर ती उठता उठता म्हणाली, "राहू दे, दुसरी बाजू उद्या. एका दिवसात एवढं रडणं पुरे." संध्याकाळी ती देराला गेलीच नाही, डोकं दुखतंय म्हणाली. मेथीची भाजी तशीच डब्यात राहिली. शनिवारी सकाळी ओट्यापाशी खाली बसली, मला वाटलं काही सांडलंय ते पुसायला बसली. डोक्यातली शीर फुटली होती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं.

तिचं सगळं दुबईतच केलं. प्रसाद आला, करायचं ते सगळं त्याने केलं, माझ्या खांद्याला धरून उभा राहिला. रडला मात्र नाही. मी बघत होतो. नरडं फाडून ओरडणारा पोरगा, त्याच्या तोंडातून आवाज निघाला नाही. तेराव्यानंतर तो पुन्हा देराला गेला आणि मी एकटा राहिलो. रेकॉर्ड प्लेयरवरच होती. मी तिच्यावर टॉवेल टाकला. विल्सन दोनदा येऊन गेला, झाकणं न उघडता, परीक्षणाचं नाव न काढता. दिवसभर वर्कशॉप बरं असायचं, पत्र्यापुढे काही ऐकू येत नाही. घरी मात्र एसी बंद झाला की मला ती बाई ऐकू यायची. एसीची घरघर थांबली की त्या थांबण्यात तिचा हेल सुरू व्हायचा, मंद कानात जास्त. मी एसी बंद करणंच सोडून दिलं. थंडीने कुडकुडायचो पण चालू ठेवायचो. शेजारचा केरळी म्हणाला, काका, बरं आहे ना? मी म्हणालो, बरं आहे.

खरं सांगायचं तर भीती वाटायची त्याहून जास्त मला ती हवी असायची. शालिनीने शेवटची जिची चौकशी केली ती ही बाई. मी ठरवलं होतं, प्रसाद आला की विचारायचं. एवढं एक काम तिने माझ्यावर टाकून ठेवलं होतं.

तो आला एका संध्याकाळी, ऑफिसातून परस्पर, शर्टाला जिऱ्याचा वास. आईच्या साड्यांतली एक मावशीला पाठवायची होती. मगरीबची अजान होत होती. चहा झाला, साडी झाली, आणि तो उठला नाही. टॉवेलकडे बघत बसला.

"बाबा," तो म्हणाला, "डिड शी हिअर इट?"

"ऐकली. दोघांनी ऐकली. एक बाजू."

"काय म्हणाली?"

हे मराठीत विचारलं त्याने. मी कपाटातून कॅलेंडरचं पान काढलं आणि वाचून दाखवलं. पत्र्याचं ऐकून तो जरा हसला. ढोलवाल्याला जेवायला घालावं, तिथे त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"टायर्ड? डेनिस? बाबा, त्याच्याएवढा फास्ट अख्ख्या यूएईमध्ये कुणी नाही."

"मला काय माहीत. दमलेला वाटला."

पुढचं वाचलं. बाईचं. वाचून झाल्यावर मी विचारलं, "तर ती बाई कोण? तुझ्या आईने विचारायला सांगितलं होतं."

"कुठली बाई?"

"रडणारी."

"देअर इज नो वुमन, बाबा. आम्ही चौघंच आहोत."

मी म्हणालो, मी बहिरा असेन, तुझी आई नव्हती. तो उठला, टॉवेल काढला, वाकून यंत्राकडे बघितलं. खटक्याला बोट लावलं, तो हलेना. पिवळ्या पडलेल्या डिंकावरून त्याचं बोट फिरलं आणि तो खालीच बसला, त्या शुक्रवारी मी बसलो होतो तिथे, भिंतीला टेकून.

"हे तुम्ही चिकटवलं?"

"सरकत होतं ते."

"बाबा, इट्स अ फॉर्टी-फाइव्ह. छोटी रेकॉर्ड फास्ट फिरते. तुम्ही ती मोठ्या रेकॉर्डच्या स्पीडला लावलीत. म्हणजे तिने ऐकलीच नाही. शी नेव्हर हर्ड मी."

त्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. मग त्याने स्वयंपाकघरातून सुरी आणली. मी म्हणालो, तोडू नकोस. तो म्हणाला, बाबा, एकदा नीट ऐका, प्लीज. सुरी घालून त्याने डिंक उचकटला, खटका पुढे गेला, सुई ठेवली.

गोदामातलंच ते, तेच. ढोल गारा पडल्यासारखा, गिटारी करवतीसारख्या, आणि प्रसादची ती किंकाळी, मानेच्या शिरांची. मी बाईची वाट बघत राहिलो. ती जिथे यायची ती जागा मला पाठ होती. तिथे पोरगा किंचाळला. पुढच्या जागी पुन्हा तोच. ती कुठेच नव्हती. बायकोला मी एकदा पोचवलं होतं, ही दुसऱ्यांदा गेली असं वाटलं. "बंद कर," मी म्हणालो. "ही आमची रेकॉर्ड नाही. आमची लाव."

"बाबा, दॅट वॉज अ मिस्टेक."

"असू दे. लाव."

खटका आता मागे राहीना, स्प्रिंग नव्हती आणि डिंकही नव्हता. त्याला तो बोटाने धरून ठेवावा लागला. मान वाकडी करून, बोट दाबून, तो स्वतःचीच रेकॉर्ड संथ ऐकायला लागला, आधी माझी समजूत घालायची म्हणून. घरघर सुरू झाली. दमलेला ढोल आला. मग ती आली. लांबून निघाली, वर चढली, तिथे अडकली, मोडली.

प्रसादने माझ्याकडे बघितलं. बोट मात्र हलवलं नाही.

"ही बाई," मी म्हणालो. "तुझी आई म्हणाली, माझी आई अशी रडायची."

ती पुन्हा वर चढली तेव्हा त्याने तोंड उघडलं, आवाज न काढता, तिच्याबरोबर, जसं आपण पाठ असलेल्या गाण्याबरोबर ओठ हलवतो. तेव्हा मला कळलं, आणि त्याला माझ्या आधी कळलेलं होतं. प्रसाद तोंडावळ्याने माझ्यावर गेलाय, पण आवाजाने आईवर. तो जन्मल्यावर सुइणीने पहिली गोष्ट हीच सांगितली होती की रडणं आईकडचं आहे. वेग उतरला तेव्हा त्या किंकाळीतून आईकडचं तेवढं उरलं. शालिनीने कुठल्या परक्या बाईला ओळखलं नव्हतं. तिने तिच्याच घरातला आवाज ओळखला, फक्त तो कुणाच्या गळ्यातून येतोय हे तिला माहीत नव्हतं.

"ऐकली ना तिने?" मी म्हणालो. "घरात कुणी नसताना ऐकू नये म्हणाली. अजून काय पाहिजे तुला?"

मग तो रडला. बोट खटक्यावर ठेवूनच. सुई आत जाऊन टकटक करत राहिली तरी त्याने ते काढलं नाही. काही वेळ खोलीत दोघं रडत होते असं मला वाटलं, पण रेकॉर्ड तर संपलेली होती. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. माझी जीभ वाकडी, मला गोड बोलता येत नाही. "मेथी आणायला पाहिजे," एवढंच मी म्हणालो. तो त्या रात्री कॉटवर गेला नाही, हॉलमध्ये झोपला. मी एसी बंद केला.

भाची परवा मला मोबाईलवर ते गाणं काढून देत होती. कुणीतरी चढवून ठेवलंय म्हणे, हव्या त्या वेगाने ऐकता येतं, नुसतं टिचकी मारायची. मी नको म्हणालो. आता इथे चिपळूणला माझ्या खोलीत तो प्लेयर आहे, खटका अजून तसाच सैल आहे आणि मी तो दुरुस्त केलेला नाही.

तर त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसाद ऑफिसला गेला. जाताना दारात म्हणाला, "बाबा, सेकंड साइड तुम्ही एकटे ऐका. नंतर सांगा." मी खालच्या बकाल्यात, म्हणजे किराण्याच्या दुकानात जाऊन मेथीची जुडी आणली, पेपर पसरला, परात मांडली. स्टूल ओढून प्लेयर उजव्या हाताशी घेतला, रेकॉर्ड उलटी केली आणि खटका मागे ओढून बोटाने दाबून धरला. लिहिता येणार नव्हतं, हात अडकला होता. म्हणून मी मोठ्याने सांगायला लागलो. पत्रा नाहीये या बाजूला, म्हणालो. ढोलही फार नाही. विल्सनची गिटार दिसते, तारेवर पाणी पडल्यासारखी. बराच वेळ नुसतं तेवढंच चाललं आणि मला वाटलं, या बाजूला ती नाही. मग एकदम खालून, बारीक, गुणगुणल्यासारखं काहीतरी आलं. ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली बाई काम करता करता तोंडातल्या तोंडात म्हणते तसं.

"आहे गं," मी म्हणालो. "ती आहे. रडत नाहीये."

बोट दुखायला लागलं होतं पण मी ते हलवलं नाही. डाव्या हाताने मेथी खुडत राहिलो, आणि एका हाताने खुडली की देठ येतातच.